शीर्षकातील शब्दयोगी अव्यये

इंग्रजी ग्रंथनामांत महत्त्वाच्या शब्दांचे आद्याक्षर मोठे लिहावे, हा संकेत रूढ आहे. वाद आहे तो शब्दयोगी अव्ययांविषयी. शिकागोच्या लेखनसंहितेने ती, कितीही लांब असली तरी, सामान्यतः लहान अक्षराने लिहावयास सांगितली होती. 2024 च्या अठराव्या आवृत्तीत मात्र पाच वा अधिक अक्षरांच्या अव्ययांस मोठे आद्याक्षर मिळाले. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची मर्यादा चार अक्षरांची. म्हणजे 'विथ' एका घरी थोर, दुसऱ्या घरी किरकोळ!

देवनागरीत असा अक्षरभेदच नाही. परंतु शीर्षक रोमन लिपीत उतरविताच तो उपस्थित होतो. मोहन राकेश यांचे कालिदासावरील 'आषाढ़ का एक दिन' (1958) हे नाटक आम्हां उज्जैनकरांस विशेष जवळचे. त्यातील 'का' रोमनात दोन्ही प्रकारे छापलेला आढळतो. गुलेरींच्या 'उसने कहा था' (1915) या कथेत मात्र 'ने'विषयी प्रश्न उद्भवत नाही. कारण हिंदीत प्रत्यय सर्वनामास जोडतात, नामापासून तोडतात.

मराठीत नाम व सर्वनाम दोहोंसही जोडणेच विहित. पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' (1957) या नाटकाच्या नावात 'पाशी'स वेगळे आद्याक्षर उरतच नाही. 'शब्दयोगी' ही संज्ञाच तसे सांगते.

आम्हांस खरी काळजी वेगळीच वाटते. माधवनगरातील मराठी घरांची मुले हिंदीच्या सवयीने 'घरा समोर', 'शाळे मध्ये' असे लिहितात. 'घर के सामने' यातील 'घर' स्वतंत्र उभे राहते. आमचे 'घरा', 'शाळे' ही सामान्यरूपे अव्ययावाचून निरर्थक होत.