शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर

२७ जुलै २०१९ ची बातमी तुमच्या घरच्या मंडळींना आठवत असेल. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आदल्या रात्रीपासून सुमारे १,०५० प्रवासी डब्यांत बसून होते आणि खाली रूळ दिसत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व आसपासचे गावकरी धावून आले, आणि दुपारपर्यंत सारे प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

त्यापूर्वी २६ जुलै २००५ लाही बदलापुरात पाणी शिरले होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो हाच दिवस. पुढे जुलै २०२१ मध्ये उल्हास पुन्हा पात्राबाहेर आली.

अशा वेळी एक वाक्य हमखास कानी पडते. ‘असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो!’ सभेत पुढारी ते म्हणतात, गाडीत प्रवासी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, आला तो गेला, आता ९९ वर्षे निश्चिंत. हा समज मला पुराइतकाच धोक्याचा वाटतो.

अभियंते ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात वेगळाच अर्थ असतो. तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी शंभरात एक आहे, इतकेच ते सांगतात. नदीजवळ पंचांग नसते. गेल्या साली पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही.

हे वर्गात करून पाहा. एका डब्यात ९९ पांढऱ्या चिठ्ठ्या व एक लाल चिठ्ठी टाका. डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, पाहा आणि परत टाका. हे झाले एक वर्ष. असे तीस वेळा करा, कारण घराचे कर्ज फेडण्यात कित्येकदा वीस-तीस वर्षे जातात. तीसही वेळा पांढरीच चिठ्ठी येण्याची शक्यता काढायची, तर ०.९९ ला तीस वेळा गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ०.७४. म्हणजे वर्गात वीस गट केलेत, तर साधारण पाच गटांना लाल चिठ्ठी एकदा तरी दिसेल! क्वचित कुणाला तर लागोपाठही दिसू शकेल.

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी इ. स. १०६० पासून उभे आहे. या हिशेबाने त्याच्या वाट्याला असे नऊ-दहा पूर यायला हवेत.

आता राजकारणाचा भाग. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. रेषा कागदावर थोडी सरकली की जमिनीचा भाव बदलतो, त्यामुळे तिच्यावरून ओढाताण होणारच. उल्हासनगरमधील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००६ साली खास कायदा केला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवायचे, हा प्रश्न खरा होता आणि त्याला मी हसणार नाही. पण विधिमंडळाने कोणताही ठराव केला, तरी डब्यातल्या चिठ्ठ्या बदलत नाहीत.

बदलतात त्या दुसऱ्याच कारणाने. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा लाख लिटर पाणी होते. भातखाचरात त्यातले बरेच बांधाआड थांबते, मुरते आणि सावकाश ओढ्याला लागते. तिथेच काँक्रीट झाले की जवळजवळ सगळे पाणी लगेच नदीकडे धावते. पाऊस तेवढाच, पण पूर मोठा! त्यात हवा तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते (दर अंशाला सुमारे सात टक्के), म्हणून जोराच्या सरी आणखी जोराच्या होतात. डब्यात लाल चिठ्ठ्या दोन झाल्या, तर तीस वर्षांची ती शक्यता २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर जाते. जुन्या पावसाच्या नोंदींवरून आखलेली रेषा म्हणूनच पुन्हा तपासावी लागते. आपल्या गावची रेषा कोणत्या साली आखली, हे पालिकेत जाऊन विचारा.

आणि निळ्या रेषेचे गणित तुम्हीच करा. चिठ्ठ्या पंचवीस, लाल एक, वर्षे दहा. उत्तर ३३ टक्क्यांच्या थोडे पुढे यायला हवे.