भात कालवता येतो का?

अंगणवाडीत वजनाचा काटा असतो. पोराला त्यात बसवलं की काटा थरथरतो, थांबतो आणि आकडा सांगतो. उंचीला पट्टी आहे, दंडाचा घेर मोजायला फीत आहे. आता सेविकाताईंना विचारा, "हा मुलगा बाकीच्या मुलांत मिसळतो किती?" याला कुठला काटा लावायचा?

वजन मुलाच्या अंगात असतं. मूल घरी मोजा नाहीतर दवाखान्यात, तेवढंच भरतं. मिसळणं तसं अंगात नसतं, ते दोघांच्या मध्ये कुठेतरी घडतं. खो-खोतला खो एकट्याने देता येईल का? समोर पाठ करून बसलेलं कुणीतरी लागतंच. एकच मूल मोठ्या भावापुढे हट्टी असतं, शेजारच्या तान्ह्या बाळापुढे शहाणं असतं आणि अंगणवाडीत पहिल्या दिवशी तोंडातून अक्षर काढत नाही. यातलं खरं कोणतं? तिन्ही खरीच. असं असूनही गेली नव्वद वर्षं माणसं ही गोष्ट मोजायच्या मागे लागली आहेत, आणि बऱ्याच अंशी त्यांना ती जमलीही आहे!

मुळात मोजायचं आहे ते प्रकरण किती अजब आहे, ते आधी पाहा. 2006 साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी एक साधा प्रयोग जाहीर केला. अनोळखी माणूस दोरीवर फडकी वाळत घालतोय. चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, पण पोचत नाही. समोर आहे दीड वर्षाचं मूल, धड बोलताही न येणारं. ते तुरुतुरु चालत जातं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हातात देतं. कुणी 'दे' म्हटलेलं नाही, खाऊ नाही की शाबासकी नाही. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत मिळून 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली.

खरी कमाल पुढे आहे. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला, तेव्हा मुलं सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे चिमटा जमिनीवर दिसला की उचलायचा, असा मामला नव्हता. 'याला तो हवा आहे आणि मिळत नाहीये' हे त्या चिमुरड्यांनी माणसाच्या हालचालीवरून ओळखलं होतं. शब्द यायच्या आधी दुसऱ्याच्या मनातलं वाचता येतं!

मग हे मोजायचं कसं? मुलाला विचारून? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी मतिमंद मुलांची एक शाळा होती. तिथल्या एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने 1935 साली वेगळीच वाट काढली. त्याने ठरवलं, मुलाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. त्याला रोज पाहणाऱ्या आईला विचारायचं. तेही 'हे त्याला येतं का?' असं नाही, तर 'हे तो रोज करतो का?' असं. फरक बारीक वाटेल, पण कुठल्याही आईला तो पटेल. चपला जागेवर ठेवता सगळ्यांनाच येतं. ठेवतं कोण?

डॉलच्या पट्टीत तान्ह्या बाळापासून प्रौढापर्यंत 117 बाबी होत्या. सातआठ वर्षांच्या मुलासाठी त्यात एक भन्नाट बाब होती: सांताक्लॉज खरोखरचा नसतो, हे त्याला उमगलंय का? अमेरिकी घरात हा प्रश्न बिनतोड होता. पण तीच पट्टी विदर्भात आणली तर? ज्या घरात सांताक्लॉज कधी फिरकलाच नाही, त्या घरचं पोर या प्रश्नात पास की नापास?

हा पेच सोडवला आपल्या नागपुरात. 1960 च्या दशकात ए. जे. मालिन यांनी तिथे डॉलच्या पट्टीचं भारतीय रूप तयार केलं. 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, 89 बाबींचं. सांता गेला. त्या वयाच्या बाबींमध्ये एक आली ती अशी: घरातली गुपितं कळतात का आणि ती घरातच राखतो का? आणि साधारण सहा वर्षांच्या मुलासाठी आणखी एक आली: कुणाच्या मदतीशिवाय भात नीट कालवता येतो का?

इथे जरा थांबू या, कारण मला ही बाब फार आवडते. ताटातला भात फोडायचा, मधे आळं करायचं, वरण बेताने घ्यायचं. जास्त झालं तर ओघळ ताटभर, कमी पडलं तर कोरडा गोळा. बोटांची पेरं चालवायची, तळहात माखू द्यायचा नाही. मग घास उचलायचा आणि सांडू न देता तोंडात घालायचा. एवढं जमलं की मूल पंगतीत एकटं बसू शकतं आणि भरवणारी आई मोकळी होते. पाश्चात्य पट्टीत याच सुमारास सुरीने पावाला लोणी लावता येतं का, असं विचारत. वय तेच, गरजही तीच. फक्त ताट वेगळं.

आणि घरचं गुपित? ते राखायला घरचे कोण आणि बाहेरचे कोण हे कळावं लागतं, कुठली गोष्ट बोलायची नाही हे ओळखावं लागतं आणि शेजारच्या काकूंनी गोड बोलून विचारलं तरी चेहरा सरळ ठेवावा लागतो. सात वर्षांच्या मुलाने! कित्येक मोठ्यांना जमत नाही, ते सोडा.

नागपूरची ही पट्टी देशभर गेली. बौद्धिक अक्षमतेची तपासणी करताना ती आजही लावतात. मुलाचं 'सामाजिक वय' काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मग हीच पट्टी उचलून वस्तीतल्या बालवाडीत लावली तर? चालणार नाही. खूप मागे पडलेलं मूल ती बरोबर हेरेल, पण चार वर्षांच्या वयाला तिच्यात मोजक्याच बाबी आहेत आणि त्यातही तोंड धुणं, कपडे घालणं यांचाच भरणा. बालवाडीत सहा महिने खेळून मुलांच्या एकमेकांशी वागण्यात काय बदललं, हे तिला दिसणार कसं?

आता नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात या. हा परिसर या प्रश्नाची खरी परीक्षा पाहणारा आहे. लष्कराची छावणी आणि तोफखान्याचं विद्यालय, म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं, तीही बदलीवरची. लॅम रोडच्या बाजूने पारशी आणि गुजराती मंडळींची जुनी आरोग्यधामं. फाळणीनंतर इथे स्थिरावलेली सिंधी घरं. भगूर, संसरी भागातली शेतकरी वस्ती तर हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणच्या बालवाडीत घरी मराठी बोलणारं मूल, भोजपुरी बोलणारं मूल आणि मल्याळम बोलणारं मूल एकाच सतरंजीवर बसू शकतं.

तिथे प्रश्न विचारणारं साधन घेऊन जा, म्हणजे कळेल. अशी साधनं चांगलीच आहेत, उगाच नावं ठेवायला नकोत. 2019 साली 'असर' या शैक्षणिक पाहणीत 26 जिल्ह्यांतल्या 4 ते 8 वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून आनंद, दुःख, राग आणि भीती ओळखायला सांगितलं होतं. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या आयडेला चाचणीत मुलाला मित्रांची नावं सांगायला लावतात, दहापर्यंत. किती सोपा आणि किती हुशार प्रश्न! पण महिन्यापूर्वी बदलीने आलेल्या मुलीला विचारा बरं. जुन्या गावच्या मैत्रिणी सांगायच्या की इथल्या? इथल्या मुलीशी ती रोज खेळते, पण तिचं नाव तिला अजून नीट उच्चारता येत नाही. गुण किती द्यायचे? शिवाय 'दोघांना एकच खेळणं हवं असेल तर तू काय करशील?' असं विचारलं की चार वर्षांचं पोरगंसुद्धा 'वाटून घेईन' म्हणतं आणि पुढच्याच मिनिटाला चेंडू काखोटीला मारून पळतं.

म्हणून मग उरतं पाहणं. नुसतं बघणं नव्हे, शिस्तीने पाहणं. ही युक्ती मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने वापरली, तिचा अभ्यास 1932 साली जाहीर झाला. मिनेसोटातल्या शिशुशाळेत ती मोकळं खेळणारी मुलं बघायची. एका वेळी एक मूल आणि फक्त एक मिनिट, मग दुसरं मूल. अशी मिनिटं जमवत जमवत तिने खेळाचे प्रकार मांडले: रिकामं भटकणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून पण आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं आणि शेवटी ठरवून, कामं वाटून घेऊन खेळणं. या साधनाला ना भाषा लागते ना पैसे. लागतं घड्याळ आणि धीर.

असं पाहायचं म्हणजे मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, आणि ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे.

चला, आपणही एक मिनिट पाहू. समजा, बदलीने आलेली चार वर्षांची एक मुलगी आहे. तीन मुलं ठोकळ्यांचा पूल करताहेत. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसते. स्वतःचे चार ठोकळे एकावर एक ठेवते. एकदा मान वर करून पुलाकडे बघते. पुन्हा आपलं काम. मिनिट संपलं. घाईत असलेल्या ताई लिहितील, 'मिसळत नाही'. पार्टनच्या रकान्यात हे पडेल 'शेजारी बसून आपापलं' मध्ये.

इथे दोन गंमती आहेत. पहिली आकड्यांची. दोन ताईंनी एकच मूल पाहिलं आणि दोघींनी तेच लिहिलं, तर साधन भरवशाचं, असं आपण म्हणू. पण समजा, दोघी इतक्या प्रेमळ की शंभरातल्या नव्वद वेळा डोळे झाकून 'हो' वर खूण करतात. मग मुलाकडे न बघताही त्यांचं किती जुळेल? दोघींचं 'हो' जुळेल शंभरात 81 वेळा, 'नाही' जुळेल एकदा. एकूण 82! काही न पाहता 82 टक्के एकमत! म्हणूनच जेकब कोहेन या संशोधकाने 1960 साली योगायोगाचं एकमत वजा करून उरलेलं मोजायची रीत काढली. तिला 'कप्पा' म्हणतात. माझं विचाराल तर बालवाडीच्या कार्यक्रमासाठी साधन निवडताना आधी हीच चौकशी करावी. 'मुलगा मिळून मिसळून वागतो का?' अशा गुळमुळीत बाबीवर सगळ्यांचंच 'हो' येतं. 'या मिनिटात न मागता दुसऱ्याला वस्तू दिली का?' याला मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात.

दुसरी गंमत त्या मुलीची. पार्टनचे प्रकार म्हणजे वयाप्रमाणे चढायच्या पायऱ्या, असं लोक बरीच वर्षं धरून चालले. शेजारी बसून आपापलं खेळणारं मूल म्हणजे अजून खालच्या पायरीवर. मग 1980 साली रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या खेळाचं चित्रीकरण केलं आणि 'कशानंतर काय होतं' ते क्षणाक्षणाने मांडलं. दिसलं असं, की शेजारी बसून खेळणाऱ्या मुलांचा खेळ बघता बघता एकत्र खेळात बदलतो, आणि हे निव्वळ योगायोगाने होईल त्याहून जास्त वेळा होतं. म्हणजे ती मुलगी मागे पडलेली नसेलही. ती दारात उभी आहे! भाषा येत नसताना अनोळखी टोळीत शिरायचं तर तिने यापेक्षा चतुर काय करावं? जवळ बसायचं, तेच सामान हातात घ्यायचं, तसंच काही करायचं आणि वाट बघायची. पंचविशीतली माणसं नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात दुसरं काय करतात?

त्यामुळे एका मिनिटाची नोंद पुरत नाही, नोंदींची रांग लागते. सेविकाताईंना आहार, वजन, नोंदवह्या आणि मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर सांभाळून हे जमेल का? वर्गात पंचवीस मुलं असली आणि रोज पाचच पाहिली, तर आठवड्यात सगळ्यांची एक फेरी होते, रोजची पाच मिनिटं देऊन. दोन महिन्यांत प्रत्येक मुलाची आठ मिनिटं हाती येतात. ती कधी ठोकळ्यांपाशी, कधी अंगणात, कधी खिचडीच्या वेळी घेतलेली असली म्हणजे झालं. कारण खेळात मागे राहणारं मूल खिचडीच्या वेळी सगळ्यांना ताटल्या वाटत फिरत असतं. कागदावर रकाने तीनच पुरेत: मूल काय करत होतं, कुणाच्या जवळ होतं आणि त्यानंतर काय झालं. तिसरा रकाना मोठा आखा.