शेतावरच्या राखणदाराचं पिल्लू

मुलांनो, कोकणातल्या वाडीवर दारात बसणारा गावठी कुत्रा तुमच्या आजी-आजोबांना विचारा. उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचाही तसाच एक घरचा गडी आहे, इंग्लिश शेफर्ड. त्याचे पूर्वज ब्रिटनमधून आलेल्या लोकांबरोबर इकडे आले. गाई वळणं, कोंबड्या राखणं, कोठारातले उंदीर मारणं, सगळं तो एकटा करी. पुढे छोटी शेतं कमी झाली, तसा तोही कमी दिसू लागला. अमेरिकेतल्या युनायटेड केनेल क्लबात १९२७ पासून त्याची नोंद होते.

कॅनडात त्याचं पिल्लू हवं तर नाव नोंदवून थांबायची तयारी ठेवा. शेतावर स्वतः जा, पिल्लाची आई बघा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत असतील तर घेऊ नका. खुब्याचा एक्स-रे आणि एम.डी.आर.१ या जनुकाची तपासणी झाली का, हे जरूर विचारा. या जनुकात दोष असलेल्या कुत्र्याला घोड्यांचं जंताचं औषध आयव्हरमेक्टिन विषासारखं बाधतं. औषध दिलेल्या घोड्याची लीद खाल्ली तरी जिवावर बेततं, आणि लीद कुठला कुत्रा सोडतो!

फ्लॅटात मात्र त्याला कोंडू नये. काम नसलं की तो नातवंडांनाच वळायला लागतो. बारा-तेरा वर्षं जगतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी, आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, हे मुलाला-सुनेला आधीच विचारून ठेवावं. बर्फातसुद्धा रोज फिरवावं लागतं, हेही सांगावं.