चावी, माणके आणि जपानी घराणे

‘जनता’ ते ‘सेको ५’

घाटावरच्या बुलढाणा-चिखलीत काय किंवा घाटाखालच्या खामगाव-मलकापुरात काय, लग्नात जावयाच्या मनगटावर जे ‘एचएमटी’ बांधले जाई, त्याचे यंत्रघराणे मूळचे जपानी. कारण सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने बंगळूरचा घड्याळ-कारखाना १९६१ साली उभारला, तोच मुळी सिटिझन कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने.

• जनता : एचएमटीचे चावीचे घड्याळ. माणके १७. ताशी ठोके १८,०००. चावी रोज द्यावयाची.

• सेको ५ : जपानच्याच सेको कंपनीचे, १९६३ पासून. मनगटाच्या हालचालीने आतले अर्धवर्तुळाकार वजन फिरते आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. नावातल्या पाच आकड्याचे पाच गुण : स्वयंचलन, एकाच खिडकीत वार व तारीख, पाण्यापासून संरक्षण, चाराच्या आकड्यापाशी आत दबलेली किल्ली, टिकाऊ कवच व पट्टा.

• ७एस२६ यंत्र : सेको ५ मधले. माणके २१, ताशी ठोके २१,६००. हाताने चावी देता येत नाही, सेकंदकाटाही थांबविता येत नाही. पुढच्या ४आर३६ यंत्रात दोन्ही सोयी, माणके २४.

• माणके : कृत्रिम; घर्षण व झीज कमी करण्यापुरती. सराफाला त्यांचे अप्रूप नाही.

• अचूकता : ४आर३६ची कारखान्याने मान्य केलेली मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे. सेकोनेच २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीस आणलेले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, ‘ॲस्ट्रॉन’, महिन्याला सुमारे ५ सेकंदच चुके.

• अखेर : एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, २०१६.