हातगुण आणि रात्रपाळी

"त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे," एवढे एक वाक्य आपल्याकडे रुग्णालय निवडायला पुरते. आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचा पाहतो. सोने घ्यायचे तर दोन पेढ्या फिरतो. लग्नाचे स्थळ असेल तर चार गावांतून माहिती काढतो. पण ज्या इमारतीत वडिलांना, बाळंतिणीला किंवा चार दिवसांच्या बाळाला ठेवून यायचे, तिची चौकशी रिक्षात बसल्यावर सुरू होते, तीही रिक्षावाल्याकडे.

हातगुण ही काही खोटी गोष्ट नव्हे. अनुभवी सर्जनचा हात आणि नवशिक्याचा हात यांत फरक असतोच. पण जरा हिशेब करून पाहा. मोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंडला येतात आणि प्रत्येक खाटेपाशी पाच-दहा मिनिटे थांबतात. दिवसाचे उरलेले साडेतेवीस तास रुग्ण कोणाच्या हातात असतो? ताप चढला, रक्तदाब उतरला, टाक्यांतून रक्त झिरपू लागले, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येते? रुग्णालयाची खरी परीक्षा तिथे असते. ती घ्यायला वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. थोडा हिशेब आणि वेळेवर विचारलेले चार प्रश्न पुरतात.

खाटा किती, जागे किती?

तालुक्याच्या गावी साधारणपणे दोन तऱ्हेची रुग्णालये दिसतात. एक सरकारी ग्रामीण रुग्णालय, बहुधा तीस खाटांचे. दुसरी खासगी नर्सिंग होम्स, दहापासून पन्नास खाटांपर्यंतची. दोन्हींची ओळख सांगताना खाटांचा आकडा पुढे केला जातो. पण खाट कोणाची शुश्रूषा करीत नाही. म्हणून पहिला प्रश्न खाटांचा नव्हे, माणसांचा विचारावा.

सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, असे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे माप आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा. ऐकायला हे भरघोस वाटते. पण पाचांमागे एक हा हजेरीपटावरचा आकडा आहे. दिवसाच्या तीन पाळ्या होतात, तेव्हा एका पाळीत पंधरा रुग्णांमागे एकच परिचारिका उरते.

आणखी एक साधा हिशेब घरच्या घरी करता येतो. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास काम केले, तर एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले तर चार ते साडेचार. म्हणजे तीस खाटांच्या रुग्णालयात कोणत्याही वेळी दोन परिचारिका हव्या असतील, तर हजेरीपटावर आठ-नऊ नावे हवीत. तिथे चारच नावे असतील, तर कोणीतरी सोळा-सोळा तास काम करीत आहे, किंवा रात्री वॉर्ड एका मावशीच्या भरवशावर सोडलेला आहे. तिसरी शक्यता नाही.

सरकारी रुग्णालयात यासाठी तीन आकडे मागावेत: मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज हजर किती. या तिन्हींमधले अंतर हेच त्या रुग्णालयाचे दुखणे असते. पद भरलेले असते, पण माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेला असतो. ऑक्टोबर २०२३च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. एखाद्या गावाने तो मृत्यू होण्यापूर्वी विचारला, तर त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. माहितीचा अधिकार २००५पासून लागू आहे.

खासगी नर्सिंग होममध्ये प्रश्न थोडा निराळा असतो. पांढरा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी प्रशिक्षित परिचारिका असतेच असे नाही. दहावी-बारावी झालेल्या गावातल्या मुली हाताखाली काम शिकतात आणि 'सिस्टर' होतात. त्या कष्टाळू असतात, पुष्कळदा प्रेमळही असतात; पण औषधाची मात्रा चुकली किंवा नाडी मंदावली, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. म्हणून "रात्री नोंदणीकृत परिचारिका कोण असतात?" हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. त्याला जोडूनच विचारावे, "रात्री इमारतीत डॉक्टर कोण असतात, त्यांचे शिक्षण काय, आणि मोठ्या डॉक्टरांना फोन केला तर ते किती वेळात पोहोचतात?" अतिदक्षता विभागाची पाटी दिव्यांनी उजळलेली असली, तरी या तीन उत्तरांवाचून ती नुसती पाटीच.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधील दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एकेक रुग्ण वाढत जातो, तसतशी तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढत जाते, असे त्यात दिसले. कॅलिफोर्नियात तर परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, हे कायद्यानेच ठरवले गेले आणि २००४पासून ते अमलात आले.

आपल्याकडे ही उणीव भरून काढणारे एक माणूस आहे. त्याचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नसते. खाटेखाली सतरंजी पसरून बसलेला नातेवाईक! सलाईनची बाटली संपत आली की धावत जाऊन "सिस्टर, बाटली संपली" म्हणणारा तोच. रुग्णाला कुशीवर वळवणारा, लघवीचे भांडे देणारा, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणारा तोच. जवळच्या माणसाची सोबत रुग्णाला हवीच असते. पण सोबत आणि नोकरी यांत फरक आहे. ज्या रुग्णालयात नातेवाईक तासभर जेवायला गेला की जीव टांगणीला लागतो, तिथे कर्मचारी अपुरे आहेत, असे खुशाल समजावे.

गुळगुळीत फरशीच्या पलीकडे

दुसरा प्रश्न दर्जाचा. अवेदिस डोनाबेडियन या प्राध्यापकांनी १९६६ साली रुग्णसेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहायला शिकवले: साधने काय आहेत, काम कसे होते आणि शेवटी गुण किती आला. आपण बहुधा पहिल्याच अंगापाशी थांबतो. लिफ्ट आहे, एसी आहे, नवी मशिन आली आहे. झाले, रुग्णालय चांगले! काम कसे होते, हे पाहायला मात्र वॉर्डात पंधरा मिनिटे शांत बसावे लागते.

काय पाहायचे? एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले जातात का? १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तिथे शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. उन्हाळ्यात ते प्रमाण दोनावर आले. इतक्या वर्षांनीही वॉर्डातल्या बेसिनला पाणी आहे का आणि साबण आहे का, हा प्रश्न जुना झालेला नाही. इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाचे नाव विचारले जाते का? ताप, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी त्या-त्या वेळी लिहिल्या जातात, की सकाळी एका हातासरशी साऱ्या रात्रीच्या भरल्या जातात? वापरलेल्या सुया आणि रक्ताचे बोळे वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत जातात का?

शस्त्रक्रिया असेल तर एक प्रश्न आणखी विचारता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी वाचून पडताळण्याची एक छोटी यादी तयार केली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, बाजू उजवी की डावी, रक्ताची सोय आहे का, अशा साध्या बाबी तीत आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. या यादीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो एक कागद आणि तो वाचण्याची शिस्त.

गुण किती आला, हे जोखताना मात्र घाई करू नये. "तिथे गेलेला परत येत नाही" असा शिक्का सरकारी रुग्णालयावर सहज मारला जातो. पण तिथे कोण येते? खासगी रुग्णालयात पैसे संपलेला, तीन ठिकाणी फिरून शेवटच्या घटकेला पोहोचलेला रुग्ण! उलट, अवघड रुग्ण वेळीच दुसरीकडे धाडणाऱ्या नर्सिंग होममध्ये मृत्यू कमी दिसणारच. म्हणून नुसता मृत्यूंचा आकडा फसवा ठरतो. त्याऐवजी रुग्ण कधी आणि कसा पुढे पाठवला जातो, ते पाहावे. "हे आमच्याकडे होणार नाही, जिल्ह्याला न्या," असे पहिल्या तासात सांगून चिठ्ठी आणि रुग्णवाहिका देणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा. हेच वाक्य तिसऱ्या दिवशी, बिल भरून झाल्यावर ऐकू आले, तर मात्र गोष्ट वेगळी.

बाळंतपणाचा आकडाही बोलका असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत शंभरातली ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत १४. प्रत्येक सिझेरियन अनावश्यक नसते आणि ऐनवेळी ते जीवही वाचवते. तरीही "तुमच्याकडे शंभरांत किती?" हे सातव्या महिन्यात विचारायला काय हरकत आहे?

बिलाचा कागद

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो विचारायला आपण सर्वांत जास्त संकोचतो. "माणूस महत्त्वाचा, पैशाचे नंतर बघू," असे म्हणताना घरातला कर्ता मनात मंगळसूत्राचा आणि शेताच्या तुकड्याचा हिशेब करीत असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरला. २०१३-१४मध्ये हा वाटा ६४ टक्के होता. सुधारणा आहे, पण खिशाला लागलेली ही गळती अजून लहान नाही.

म्हणून दाखल होतानाच खर्चाचा लेखी अंदाज मागावा. खोलीभाडे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, औषधे, तपासण्या असे वेगवेगळे. पॅकेज असेल, तर त्यात काय नाही, ते आधी विचारावे. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या २०२१च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे मिळावीत, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच २००२पासून आहे. आणि पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. अर्थात, पावती असेल तरच ग्राहक ठरायला सोपे जाते!

दर किती खाली येऊ शकतात, हे हृदयातल्या स्टेंटने दाखवून दिले. लाखाच्या घरात विकल्या जाणाऱ्या औषधयुक्त स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने सुमारे तीस हजारांवर बांधली. रुग्णालयांना धक्का बसला, पण अँजिओप्लास्ट्या काही थांबल्या नाहीत.

हक्काच्या सवलतीही ठाऊक हव्यात. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड घेऊन प्रथम त्याला गाठावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. तरीही औषधाची चिठ्ठी बाहेरची मिळाली, तर ती जपून ठेवावी आणि ते औषध आत का नव्हते, हे लेखी विचारावे.

मात्र या साऱ्यात एक गोष्ट आपणही समजून घेतली पाहिजे. पैसा आणि माणसे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. प्रशिक्षित परिचारिका रात्रभर ठेवायची तर तिला रास्त पगार द्यावा लागतो, आणि तो बिलातूनच येतो. आपण एसी खोलीचे जादा पैसे कुरकुर न करता देतो, पण "या दरात रात्री किती परिचारिका?" असे कोणी विचारीत नाही. मग रुग्णालयेही एसी बसवतात आणि परिचारिका कमी करतात. गिऱ्हाईक जे मागते, तेच दुकानात येते. डॉक्टर नवरा-बायको वरच्या मजल्यावर राहून चालवतात अशी साधी, स्वच्छ नर्सिंग होम्स अजून गावोगावी आहेत. त्यांची फरशी जुनी असते, पण रात्री हाक मारली की माणूस येते. अशी रुग्णालये टिकायची असतील, तर त्यांची पारख करणारे गिऱ्हाईकही टिकले पाहिजे.

आजारपणाआधीचे काम

हे प्रश्न रुग्ण स्ट्रेचरवर असताना विचारता येत नाहीत. तेव्हा मन थाऱ्यावर नसते, आणि प्रश्नाची जागा रागाने घेतली की काचा फुटतात, डॉक्टरांवर हात उगारला जातो. त्याविरुद्ध राज्यात २०१० साली कायदा झाला. पण तोडफोडीने कुठल्याही गावाला एक जादा परिचारिका मिळालेली नाही.

मिळते ती शांतपणे लावून धरल्याने. २००७पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला स्वतः गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. बंद उपकेंद्र, न मिळणारे औषध, गैरहजर डॉक्टर अशा तक्रारी तिथे नावानिशी मांडल्या गेल्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समितीही असते. तिचे सदस्य कोण, बैठक कधी झाली, पैसा कशावर गेला, हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे?

ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते, यांच्यापैकी कोणीही हे काम अंगावर घेऊ शकते. गावातल्या प्रत्येक रुग्णालयाची एक साधी वही करावी: रात्री डॉक्टर कोण, परिचारिका किती, रुग्णवाहिका आहे का, दरपत्रक लावले आहे का, कोणत्या योजना चालतात. सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी. चांगले दिसेल ते चांगले म्हणून लिहावे आणि त्या डॉक्टरांना जाऊन सांगावेही. कौतुक त्यांच्याही वाट्याला क्वचितच येते. सरकारी रुग्णालयात रिक्त पद दिसले, तर त्या पदाचे नाव आणि ते किती महिने रिकामे आहे, हे लिहून आमदारांच्या हाती द्यावे. पुढच्या अमावास्येच्या रात्री दीड वाजता घाटातून एखादी जीप त्या रुग्णालयाच्या दारात येऊन थांबेल, तेव्हा आत दिवा लावून कोणी बसलेले असावे, यासाठी एवढे करायचे.