कारीगर कमी, तरी मजुरी का वाढत नाही?

मे महिना आला की भिवंडीच्या कापड बाजारात दरवर्षी एकच ओरड ऐकू येते, "कारीगर नाहीत, लूम बंद आहेत." उत्तर प्रदेश, बिहारकडचे विणकर लग्नसराईसाठी व शेतीच्या कामासाठी गावी जातात. भिसीतल्या पंगती रिकाम्या पडतात. मागे राहिलेला कारीगर मीटरमागे चार पैसे जास्त मागतो आणि ते त्याला मिळतातही. गावची माणसे परतली की दर पुन्हा पहिल्या जागी. गेली तीस वर्षे आम्ही हेच पाहत आहोत.

माणूस कमी झाला की मजुरी चढते, माणूस वाढला की उतरते, अशी बाजारात समजूत आहे. आमच्या मते ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी आम्हा व्यापाऱ्यांच्या गादीवर ठरते. म्हणून ती आम्हीच लिहिलेली बरी.

आधी खरी बाजू पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण रोजीसाठी भिवंडीच्या लूमवर आले. गिरणीत आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड आणि बोनस होता. इथे बारा तास उभे राहायचे आणि जेवढे मीटर तेवढीच मजुरी. दारात माणसांची रांग असताना कोणता कारखानदार दर वाढवील?

आता उलट बाजू. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि केरळचे गवंडी, सुतार तिकडे गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावोगाव घरे उठू लागली, पण बांधणारे हात कमी पडले. मजुरी चढत गेली. पुढे बंगाल, आसामकडचे मजूर मोठ्या संख्येने तिथे आले, तरी ती देशात सर्वांत वरच राहिली. रिझर्व्ह बँकेच्या २०२१-२२ च्या आकड्यांत केरळच्या ग्रामीण बांधकाम मजुराचा सरासरी रोज ८०० रुपयांच्या वर आहे. देशाची सरासरी ४०० च्या आत आहे.

विणाईचा हिशेब

मग भिवंडीत तसे का होत नाही? घर जिथे हवे तिथेच बांधावे लागते. कोऱ्या कापडाचे तसे नाही. भिवंडीत दर चढला तर व्यापारी आपले सूत मालेगावला, इचलकरंजीला किंवा सुरतेला पाठवतो, नाहीतर बिनधोट्याच्या मागावरचे कापड घेतो.

बहुतेक छोटे कारखानदार स्वतः सूत घेत नाहीत. सूत व्यापारी देतो, ते विणून देतात आणि मीटरमागे विणाई घेतात. समजा, विणाई ५ रुपये आहे. त्यात कारीगराचे २, विजेचा १ आणि उरलेल्या २ रुपयांत कांडीवाला, भाडे, दुरुस्ती व कर्जाचा हप्ता. कारीगराने अडीच रुपये मागितले तर वरचे ५० पैसे कुठून यावेत? विणाई वाढली नाही तर कारखानदार लूम बंद ठेवतो, नाहीतर चार लूम सांभाळणाऱ्याला सहा देतो. मग कारीगराच्या हातात आठवड्याला जास्त पैसे पडतात आणि मजुरी वाढली असे बाजार म्हणतो. वाढलेली असते ती मेहनत. दर तोच असतो. शिवाय कापडात तुटक्या तारांचे दोष वाढतात आणि तो माल शेवटी आमच्याच गळ्यात पडतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हे उघड दिसले. मे महिन्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी गेली. कित्येक जण त्याआधीच ट्रकने, पायी निघाले होते. पुढे लूम सुरू करायची वेळ आली तेव्हा आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने आझमगढला तिकिटाचे पैसे आणि वर उचल पाठवली. कारीगर आले. पण उचल म्हणजे मजुरी नव्हे. ती नंतर दर आठवड्याला कापली गेली. त्याने आमच्याकडे विणाई वाढवून मागितली. आम्ही मंदीचे कारण सांगून नकार दिला. कारण खोटे नव्हते. पण बोजा कोणावर पडणार, हेही आम्हाला ठाऊक होते.

काय करता येईल?

इचलकरंजीत ५२ पिकांच्या मीटरमागे दर ठरतो आणि महागाईप्रमाणे वाढीचे करार झाले आहेत. त्यासाठी संप झाले, वादही होत राहतात. पण तिथे गावात स्थायिक झालेला कामगार होता, म्हणून संघटना उभी राहिली. भिवंडीचा कारीगर भांडत नाही, निघून जातो.

व्यापारी बंधूंना आमचे म्हणणे एवढेच की, विणाईचा दर वर्षातून दोनदा लेखी ठरवावा आणि त्यात कारीगराचा हिस्सा वेगळा लिहावा. उचलीचा हिशेब कारीगराच्या हातातल्या वहीतही असावा. मालेगावचे अनेक विणकरही १८५७ नंतर उत्तरेतूनच आले होते. त्यांच्या घरचे लोक आज कारखानदार आहेत. माणसे येत-जात राहतील. दर मात्र आम्ही ठरवतो, आणि त्याची जिम्मेदारी रेल्वेगाडीवर ढकलता येणार नाही.