फोटोग्राफीच्या सरावासाठी रविवारची राइड : अकोला ते पातूर 🏍️📷

कॅमेरा शिकतोय, पण सह्याद्री लांब पडतो? अकोलेकरांनो, आपला डोंगर तासाभरावर आहे. वाशीम रस्त्यानं पातूर साधारण ३५ किलोमीटर. वऱ्हाडाचा सपाट पाईनघाट इथं संपतो आणि बालाघाटाचा चढ सुरू होतो, म्हणून एकाच फ्रेममध्ये मैदानही मिळतं अन् डोंगरही.

कुठं काय टिपायचं?

▪️ घाट : सूर्योदयाच्या सुमारास पोहोचा. तिरप्या उन्हात डोंगराच्या घड्या उठून दिसतात. लँडस्केपसाठी एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००.

▪️ पातूरची लेणी : खडकात कोरलेली. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन. कॅमेरा मधला मार्ग काढतो आणि दोन्ही बिघडवतो. स्पॉट मीटरिंग वापरा, रॉ फाइल घ्या. दगडावर खडूनं किंवा कशानंही लिहू नका.

▪️ रेणुकामाता टेकडी : वरून गावाचा पसारा दिसतो. भाविकांचे फोटो विचारूनच काढा.

▪️ येताना बाळापूर : मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला, शिवाय मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. कमानींतून फ्रेमिंगचा सराव इथंच करा.

हंगाम? पावसाळ्यात हिरवळ, फाल्गुनात फुललेला पळस. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत घरी परता.

गाडीबद्दल एकच : वळणावर थांबून फोटो काढू नका, ट्रक सतत चालतात. गाडी रस्त्याबाहेर लावा, हेल्मेट घाला आणि पाणी भरपूर ठेवा.

तुमचे पातूरचे फोटो कमेंटमध्ये टाका, सेटिंगसकट!